बुडबुड्यावरच्या मुली

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वर्षात मार्च महिन्यातला एक रविवार असा येतो, की त्या संध्याकाळी बास्केटबॉल खेळणाऱ्या शेकडो मुली चेंडूला हातही न लावता जिंकतात किंवा हरतात. त्या दिवसाला तिकडे ‘सिलेक्शन संडे’ म्हणतात. नोव्हेंबरपासून चाललेला हंगाम संपलेला असतो. आता राष्ट्रीय स्पर्धेत कोणते संघ खेळणार, ते टेलिव्हिजनवर एकेक नाव घेऊन जाहीर होतं. कॉलेजातल्या एखाद्या हॉलमध्ये संघातल्या मुली, प्रशिक्षक, आईवडील, वर्गातली मित्रमंडळी खुर्च्या मांडून बसतात. समोर पडदा, बाजूला कॅमेरा. नाव आलं की किंकाळ्या आणि मिठ्या. नाव आलं नाही, तर तोच कॅमेरा त्या चेहऱ्यांवर आणखी काही क्षण रेंगाळतो.

पहिल्या श्रेणीत खेळणारे महिलांचे कॉलेजसंघ तिथे साडेतीनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या बहुतेकांना आपण या यादीत नाही हे फेब्रुवारीतच कळलेलं असतं. वीसपंचवीस बलाढ्य संघांना आपण आहोतच हेही ठाऊक असतं. त्यांचं टीव्हीसमोर बसणं म्हणजे ठरलेल्या लग्नात अंतरपाट धरण्यासारखं. खरी वाट बघतात त्या या दोहोंच्या मधल्या मुली. त्यांच्यासाठी अमेरिकन खेळपत्रकारांनी एक शब्द रूढ केला आहे, ‘बबल’. हे संघ बुडबुड्यावर बसलेले. तो कधी आणि कुणाच्या बोटाने फुटेल, ते त्यांच्या हातात नाही.

या स्पर्धेत शिरायला दोन दारं आहेत. पहिलं हक्काचं. प्रत्येक लीगच्या विजेत्या संघाला आपोआप जागा मिळते. दुसरं निवडीचं. उरलेल्या जागांवर एक समिती बसते आणि वर्षभराच्या कामगिरीवरून संघ निवडते. २०२३ साली ६८ पैकी ३२ जागा हक्काच्या होत्या, ३६ निवडीच्या. हक्काचं दार स्वच्छ आहे. जिंकलात की आत. कुणाची मेहरबानी नको. मला लिहायचंय ते दुसऱ्या दाराबद्दल. ज्या गोष्टी माणसं टेबलाभोवती बसून ठरवतात, त्यांच्याविषयी मला पूर्वीपासून कुतूहल आहे आणि थोडा संशयही आहे. बँकेतल्या सदतीस वर्षांची ही कमाई.

बास्केटबॉलशी माझा संबंध जुळला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे, असं सांगितलं तर वाचकांना ओढूनताणून वाटेल. पण घडलं ते असंच. २०२३च्या हिवाळ्यात मी लेकीकडे न्यू यॉर्कला होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. तो बघायचा, पायऱ्यांवर जरा बसायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. बरोबर बारा वर्षांची नात होती. पुतळ्यासमोर ती शहाण्यासारखी उभी राहिली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “आजी, आता माझं काम. संध्याकाळी मॅच आहे.”

सामना मुलींचा होता. फेब्रुवारीतला शुक्रवार, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. कोलंबियाची व्यायामशाळा बरीचशी जमिनीच्या पोटात आहे. जिने उतरत उतरत आपण एका लहानशा, तापलेल्या, शिट्ट्यांनी दणाणणाऱ्या खोलीत येऊन पोचतो. मोठी स्टेडियमं मी टीव्हीवर पाहिली होती. इथे मी खेळणाऱ्या मुलींच्या इतक्या जवळ होते, की लाकडी जमिनीवर बुटांचा कर्र आवाज व्हायचा तो दातांत जाणवावा. फिकट निळ्या कपड्यांतल्या मुली अखंड धावत होत्या. अखंड बोलतही होत्या. इतकं बोलत बोलत खेळतात हे मला नवीन होतं. कुणी मागून येतंय, कुणाला अडवायचं, चेंडू कुठे सोडायचा, सगळं ओरडून सांगायचं. आमच्या पिढीतल्या मुलींना खेळताना गप्प राहायला सांगत, तेव्हा किती खेळ आमच्यापासून काढून घेतला ते तिथे बसल्यावर लक्षात आलं.

मध्यंतरात नातीने वही उघडली. वहीत गणितं होती. आपला संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाणार की नाही याचं गणित ही पोर दर आठवड्याला मांडत होती. तिने मला जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

नुसत्या विजयांची संख्या समिती मोजत नाही. कुणाला हरवलं आणि कुठे हरवलं, हे बघते. त्यासाठी ‘नेट’ नावाची एक क्रमवारी आहे. महिलांच्या स्पर्धेत ती २०२०-२१च्या हंगामापासून आली. प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक आणि सामन्याची जागा यांवरून प्रत्येक सामना चार रकान्यांपैकी एकात पडतो. तगड्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवलंत, तर पहिल्या रकान्यात जमा. दुबळ्या संघाला स्वतःच्या घरी हरवलंत, तर चौथ्या रकान्यात. त्या विजयाला किंमत जवळपास नाही. उलट तिथे हरलात तर मोठं नुकसान. पहिल्या रकान्यातली एक जमा चौथ्यातल्या दहांना भारी. बारा वर्षांच्या मुलीला चांगलं आणि बुडीत खातं यांतला फरक इतका पक्का कळलेला पाहून मला भरून आलं. आमच्या काही शाखाधिकाऱ्यांना तो निवृत्तीपर्यंत कळला नव्हता.

आता यातली मेख. कोलंबिया खेळते आयव्ही लीगमध्ये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्वेनिया अशी ही आठ जुनी विद्यापीठं. विद्येत नाव थोर. बास्केटबॉलमध्ये मात्र मधल्या आळीतलं घर. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. लीगच्या अंतर्गत जे चौदा सामने होतात त्यांतले बरेच खालच्या रकान्यांत पडतात, कारण लीगमधले काही संघ खरोखरच दुबळे असतात. पहिल्या रकान्यात काही जमा करायचं, तर लीग सुरू होण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या लीगमधल्या मोठ्या संघांशी सामने ठरवावे लागतात. आणि मोठे संघ लहान जिमखान्यात खेळायला का येतील? जिंकले तर त्यांना फारसं मिळत नाही, हरले तर बोभाटा. बोलावलंच तर ते स्वतःच्या घरी बोलावतात. म्हणजे ज्यांच्याशी खेळल्याशिवाय पत सिद्ध होत नाही, ते पत सिद्ध झाल्याशिवाय खेळत नाहीत.

हे ऐकताना मला हसू आलं. एके काळी माझ्या बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, “मोठ्या शाखेचा अनुभव आहे का? औद्योगिक कर्जं हाताळलीत?” नव्हती हाताळली. मोठ्या शाखांत उशिरापर्यंत थांबावं लागतं म्हणून बायकांना तिथे नेमायचंच नाही, असा त्या बँकेचा अलिखित रिवाज होता. आधी अनुभव द्यायचा नाही आणि मग अनुभव नाही म्हणून गुण कापायचे! बँकेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात कुठलंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं. पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागले, कर्जाचे प्रस्ताव बघू लागले, तेव्हा तोच सापळा रोज दिसायचा. आधी कर्ज घेऊन फेडलेलं नाही, म्हणून आता कर्ज नाही. असे अर्ज वाचायला वेळ लागतो. बाकीचे कागद आकड्यांवरून हातावेगळे होतात. इथे माणूस वाचावा लागतो.

कोलंबियाच्या प्रशिक्षक मेगन ग्रिफिथ या त्याच विद्यापीठात शिकलेल्या, त्याच संघात खेळलेल्या. २०१६ साली त्या मुख्य प्रशिक्षक होऊन परत आल्या, तेव्हा संघ वर्षानुवर्षं तळाच्या आसपास रेंगाळत होता. राष्ट्रीय स्पर्धेत तो तोवर एकदाही गेलेला नव्हता. मी पाहिला तो त्यांचा सातवा हंगाम. त्या वर्षी लीगचे चौदापैकी बारा सामने जिंकून कोलंबियाने प्रिन्स्टनच्या बरोबरीने पहिलं स्थान मिळवलं. पूर्वीच्या काळी, म्हणजे २०१७च्या आधी, आयव्ही लीगची हक्काची जागा वर्षभराच्या साखळीवर ठरायची. नंतर पहिल्या चार संघांची दोन दिवसांची स्पर्धा आली. ती जिंकेल त्याला जागा. प्रेक्षक मिळतात, टीव्ही मिळतो, रंगत येते. पण वर्षभराचं पुस्तक एका संध्याकाळच्या पानावर तोललं जातं. मार्च २०२३मध्ये कोलंबिया त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हार्वर्डकडून हरली. हक्काचं दार बंद झालं. उरलं निवडीचं.

मी तोवर पुण्याला परतले होते. १३ मार्चला, सोमवारी, सकाळी साडेसहाला फोन वाजला. त्यांच्याकडे रविवारची रात्र. इतक्या लवकर फोन म्हटल्यावर छातीत धस्स होतं, ते झालंच. लेक म्हणाली, “आई, काही नाही गं, सगळे बरे आहोत. कोलंबियाचं नाव नाही आलं. हिला जरा समजाव.” पलीकडून मुसमुसणं ऐकू येत होतं. काय समजावणार? बाहेर राहिलेल्या पहिल्या चार संघांची नावंही जाहीर करतात. ती प्रथा दयाळू की क्रूर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोलंबियाचं नाव त्या चौघांत होतं. कॅन्ससचंही होतं.

मोठ्या स्पर्धेत जागा न मिळालेल्यांसाठी आणखीही स्पर्धा असतात. त्या वेळी अशी मुख्य स्पर्धा होती महिलांची ‘नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट’. २०२४पासून ‘डब्ल्यूबीआयटी’ नावाची, ३२ संघांची आणखी एक आली. रडून झाल्यावर दोनतीन दिवसांत पुन्हा बूट बांधायचे आणि ज्या स्पर्धेत यायचंच नव्हतं तिथे मनापासून खेळायचं, हे सोपं नसतं. काही संघ अशी आमंत्रणं नाकारतातही. कोलंबियाने ते स्वीकारलं आणि एकामागून एक सामने जिंकत त्या मुली अंतिम फेरीत पोचल्या. समोर कोण? कॅन्सस. दाराबाहेर ठेवलेल्या चौघांपैकी दोघे शेवटी एकमेकांसमोर! १ एप्रिल २०२३ला लॉरेन्स गावातल्या ॲलन फील्डहाउसमध्ये, यजमानांच्या हजारो प्रेक्षकांपुढे कोलंबिया ६६–५९ अशी हरली. जाता जाता एक गंमत. तिथल्या मैदानाला जेम्स नेस्मिथ यांचं नाव आहे. यांनीच १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधून काढला. पुढे ते कॅन्ससला आले, तिथले पहिले प्रशिक्षक झाले. आणि त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले तेच एकटे.

ज्या दारासमोर या मुली ताटकळत होत्या, ते दार तसं फार जुनं नाही. पुरुषांची एनसीएएची स्पर्धा १९३९पासून चालू आहे. महिलांची १९८२पासून. मधली दहा वर्षं, १९७२ ते १९८२, महिलांनी स्वतःची संघटना काढून स्वतःच स्पर्धा चालवली, आणि तिची पहिली तीन विजेतेपदं इमॅक्युलेटा नावाच्या, फिलाडेल्फियाजवळच्या एका छोट्या कॅथलिक महिला कॉलेजने जिंकली. ही गोष्ट मला फार आवडते. १९७२ साली इलिनॉयला जायला पैसे नव्हते, तर मुलींनी टूथब्रश विकले. तरी पैसे पुरेनात, म्हणून आठच खेळाडू गेल्या. सोळा संघांत त्यांचं मानांकन होतं पंधरावं. जिंकून आल्या. पुढच्या वर्षांत सामन्यांना कॉलेजातल्या नन प्रेक्षकांत बसून बादल्या बडवायच्या. देवाचं नाव घेणाऱ्या त्या साध्वी हातात बादली घेऊन पंचांच्या नावाने काय म्हणत असतील, ते देवच जाणे.

त्याच १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. ‘टायटल नाइन’ म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याच्या मागे हवाईच्या काँग्रेस सदस्य पॅट्सी मिंक यांची मोठी धडपड होती. या कायद्याच्या धाकाने कॉलेजांना मुलींच्या खेळांवर पैसा खर्च करावा लागला. मुलींच्या खेळात पैसा दिसू लागल्यावर एनसीएएलाही तो खेळ दिसू लागला, आणि महिलांची ती जुनी संघटना बंद पडली. खुद्द कोलंबिया कॉलेजने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली ती १९८३मध्ये. आयव्ही लीगमध्ये सर्वांत शेवटी. तोवर मुलींसाठी रस्त्यापलीकडे १८८९पासूनचं बार्नर्ड कॉलेज होतं. आजही बार्नर्डच्या मुली कोलंबियाच्या संघात खेळू शकतात.

तर प्रश्न असा, की आयव्ही लीगच्या मुलींना निवडीच्या दाराने आत घ्यायला समिती इतकी का बिचकायची? दाखले कमी नव्हते. १९९८मध्ये हार्वर्डला सोळावं, म्हणजे आपल्या गटातलं सर्वांत तळाचं मानांकन मिळालं होतं. समोर पहिलं मानांकन असलेलं स्टॅनफर्ड, तेही स्टॅनफर्डच्याच घरी. स्टॅनफर्डच्या दोन महत्त्वाच्या खेळाडू जखमी होत्या हे खरं. पण हार्वर्डने तो सामना ७१–६७ असा जिंकला, ॲलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची स्त्री-पुरुष दोन्ही स्पर्धांतली ती पहिलीच वेळ; पुरुषांना तसं करायला २०१८ उजाडलं. पुढे २०१५मध्ये प्रिन्स्टनच्या मुली ३० पैकी ३० सामने जिंकून आल्या. अख्ख्या हंगामात एक हार नाही. समितीने मानांकन दिलं आठवं. त्या संघात राष्ट्राध्यक्ष ओबामांची भाची होती, आणि तिचा सामना बघायला मामा स्वतः प्रेक्षकांत येऊन बसले होते. ते स्वतः कोलंबियाचे पदवीधर. निवडीच्या दाराने आयव्ही लीगमधला पहिला महिला संघ आत गेला तो त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६मध्ये. तोही प्रिन्स्टनच.

समितीची बाजू मला कळते. तिथे बसणारी माणसं विद्यापीठांचे आणि लीगचे पदाधिकारी असतात. स्वतःच्या संस्थेची चर्चा निघाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं. आमच्याकडे संचालकांच्या बैठकीत हाच नियम. तो पाळला जात होता असं आपण धरून चालू. मोठ्या लीगमधला नवव्या-दहाव्या क्रमांकाचा संघ दर आठवड्याला देशातल्या पहिल्या वीस संघांपैकी कुणाशी तरी झुंजत असतो. त्याच्या बारा हारींमध्ये जितकी मेहनत आहे, तितकी दुसऱ्या कुणाच्या पंचवीस विजयांत नसेलही. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण त्यातून एक गोष्ट आपोआप निघते. मोठ्या लीगमधल्या संघाला पहिल्या रकान्यात काही जमा करण्याच्या संधी वेळापत्रकानेच मिळतात, पंधरा-सोळा मिळाल्या आणि त्यांतल्या चार साधल्या तरी पुस्तकात चार दिसतात. लहान लीगच्या संघाला दोनतीन मिळणार, त्यांतली एक साधली तर एकच दिसणार. चारावर बोट ठेवणारा माणूस संधींची संख्या बघायला विसरतो. किंवा बघत नाही.

२०२४मध्ये कोलंबियाने चौदापैकी तेरा जिंकले. प्रिन्स्टननेही तेरा. लीगच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रिन्स्टनने कोलंबियाला ७५–५८ असं हरवलं. म्हणजे पुन्हा तेच दुसरं दार आणि पुन्हा तोच हॉल. या खेपेला नाव आलं. विद्यापीठाच्या इतिहासातली पहिली वेळ.

त्या संघात ॲबी श्यू नावाची मुलगी होती. लांबून मारलेल्या, तीन गुणांच्या फेकी आयव्ही लीगच्या महिलांत तिच्याइतक्या तोवर कुणीच केलेल्या नव्हत्या. २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या ज्या शाळेत गोळीबार होऊन सतरा जण मारले गेले, ती तिची शाळा. वडील डॉक्टर, मार्च २०२०मध्ये, साथीच्या अगदी सुरुवातीला, कोव्हिडने गेले. पुढचा सबंध हंगाम आयव्ही लीगने रद्द केला. एवढं सगळं ओलांडून तिने पाचव्या वर्षी हे दार उघडताना पाहिलं. समितीच्या कागदांत यातलं काही नसतं, नसावंही. रकाने चारच असतात. पण टीव्हीसमोरच्या त्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी काय काय बरोबर आणलेलं असतं, ते आपण बाहेरच्यांनी माहीत करून घ्यायला हरकत नाही. मुख्य फेरीआधीच्या सामन्यात व्हँडरबिल्टने कोलंबियाला ७२–६८ असं चार गुणांनी हरवलं. ॲबीचं कॉलेजातलं खेळणं तिथे संपलं.

आणि मग २०२५. कोलंबियाने पुन्हा तेरा सामने जिंकले, या वेळी पहिल्या स्थानावर एकटीच. लीगच्या अंतिम सामन्यात पुन्हा हरली, हार्वर्डकडून, ७४–७१. त्या रविवारी यादी आली तेव्हा हार्वर्ड हक्काने आत होतं, आणि निवडीच्या दाराने कोलंबिया आणि प्रिन्स्टन दोघीही. आयव्ही लीगचे तीन संघ एका वेळी कधीच गेले नव्हते. त्याच यादीत ‘बिग टेन’ नावाच्या लीगचे बारा होते. नाव दहाचं, सदस्य अठरा, आणि आत गेलेले बारा! आमच्या एका सहकारी पतपेढीचं नाव ‘छोटी बचत’ होतं, तिची आठवण झाली.

कोलंबियाची गाठ मुख्य फेरीआधीच्या सामन्यात वॉशिंग्टनशी पडली. वॉशिंग्टन त्या बारांपैकी एक. म्हणजे निवडीचा सारा वाद जणू चाळीस मिनिटांच्या खेळात मांडला. कोलंबिया बराच वेळ पिछाडीवर होती. शेवटी जिंकली, ६३–६०. एका सामन्यावरून एक लीग दुसरीपेक्षा चांगली ठरत नाही, आणि त्याच फेरीत प्रिन्स्टन आयोवा स्टेटकडून हरली होती, हेही सांगायला हवं. पण कोलंबियाची जागा कुणी दया म्हणून दिलेली नव्हती, एवढं त्या रात्री दिसलं.

हे सगळं मी आता एवढ्या तपशिलाने का सांगते आहे? कारण २०२५पासून या जागांना रोख किंमत आली आहे. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल, तितके हिस्से त्याच्या लीगच्या खात्यात जमा होतात, ही पद्धत १९९१पासून आहे. महिलांच्या स्पर्धेला ती लागू व्हायला २०२५ उजाडावं लागलं. पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. एका हिश्श्याचे साधारण एक लाख तेरा हजार डॉलर. पुरुषांच्या एका हिश्श्याचे सहा वर्षांत मिळून वीस लाखांच्या घरात जातात, ते सोडून द्या. २०२१मध्ये, पुरुष खेळाडूंना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक छोटी मांडणी देऊन सॅन अँटोनिओत ठेवलं होतं, तो व्हिडिओ एका मुलीनेच काढून जगाला दाखवला होता. त्या मानाने चार वर्षांत गाडी बरीच पुढे आली.

पण पैसा आला की टेबलावरचे हिशेब बदलतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. पूर्वी बुडबुड्यावरचा एक संघ आत घेणं म्हणजे त्या मुलींना एक संधी देणं होतं. आता ते एका लीगच्या खात्यात रक्कम जमा करणंही आहे. ज्या लीगचे बारा संघ आत आहेत, तिला तेरावाही आत हवा असणार. हिस्सा आला की त्यातून प्रशिक्षक येतो, प्रवासखर्च येतो, पुढच्या वर्षी डिसेंबरात दूरवर जाऊन मोठ्या संघाशी खेळता येतं, म्हणजे पुन्हा पहिल्या रकान्यात जमा. व्याजावर व्याज चढतं ते असं. म्हणून माझं म्हणणं असं, की शेवटच्या चारपाच जागांसाठी दोन संघ अगदी बरोबरीला आले, तर समितीने जमेचा आकडा बघण्याआधी संधीचा आकडा बघावा. कुणाला किती मोठे सामने मिळाले आणि त्यांतले किती साधले, हा हिशेब वहीच्या एका पानात बसतो. बारा वर्षांच्या मुलीने तो मांडलेला मी पाहिला आहे.

वॉशिंग्टनला हरवल्यावर दोन दिवसांनी वेस्ट व्हर्जिनियाने कोलंबियाला ७८–५९ असं हरवलं. हार्वर्ड मिशिगन स्टेटकडून पहिल्याच फेरीत गेलं. त्या नव्या खात्यात आयव्ही लीगच्या मुलींच्या नावावर पहिल्या वर्षी चार सामने लागले. हार्वर्डचा एक, प्रिन्स्टनचा एक, कोलंबियाचे दोन. साधारण साडेचार लाख डॉलर. दुसरं दार त्या रविवारी बंद राहिलं असतं, तर तिथे एकच सामना लागला असता.